कासवासाठी घेतलेला यूव्हीबी लॅम्प, महिनाभर वापरून

एकांकडून त्यांना नकोसं झालेलं कासव घरी आणलं, डोळ्यामागे लाल पट्टा बघून कळलं की हे रेड इअर्ड स्लायडर आहे, मादी असेल तर पाठ २५-३० सेंमीपर्यंत वाढते आणि नीट सांभाळलं तर २०-३० वर्षं जगतं, म्हणून आधी जात ओळखा मगच सामान घ्या.

लॅम्प चांगलाय. पहिल्या आठवड्यात बिचारं पाण्यातच दडून बसायचं, आता रोज दगडावर चढून चारही पाय ताणून पडतं, बघून इतकं बरं वाटतं! यूव्हीबीमुळे (उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार) शरीरात व्हिटॅमिन डी३ तयार होतं, त्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडतं. पण काचेतून यूव्हीबी जवळजवळ जातच नाही, हे माहितीपत्रकात कुठेच लिहिलेलं नाही, हे मला अजिबात आवडलं नाही. मी आधी काचेच्या झाकणावरच ठेवला होता, आता जाळी लावलीये.

क्लिप ढिली आहे, पाण्यात पडू नये म्हणून वेगळा बांधा. ऊब याने मिळत नाही, बसायच्या जागी साधारण ३०-३२ अंश लागतात, त्यासाठी दुसरा बल्ब घ्यावाच लागतो. आणि उजेड दिसत राहिला तरी यूव्हीबी कमी होत जातं, सहा ते बारा महिन्यांत ट्यूब बदला.