जुन्या एमएम ५४० ला बाजारचे सुटे भाग: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

गाडीबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो. महिंद्राची एमएम ५४० जीप, नव्वदच्या दशकातली, वडिलांपासून घरात आहे. राहायला आम्ही अंबाजोगाईत, शेत केजकडे. शेवटची पाणंद पावसाळ्यात अशी होते की ट्रॅक्टर आणि ही गाडी सोडली तर दुसरं काही आत शिरत नाही. काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा बुजवून टाकते, मग फोर-व्हीलचा दांडा टाकायचा, लो गिअरमध्ये घ्यायची आणि न थांबता जात राहायचं. हे काम ही गाडी आजही बिनबोभाट करते. तक्रार आहे ती तिच्यात घातल्या जाणाऱ्या मालाची. उन्हाळ्यात खालची सगळी कामं काढली होती. सोयाबीन निघेपर्यंत त्यातलं काय टिकलं आणि काय नाही, ते लिहितोय.

या गाडीची एक गंमत माहीत नसेल तर अर्धा त्रास कळणार नाही. इंजिन फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्यावरचं, एक्सडीपी ४.९०. चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर, २११२ सीसी. म्हणजे वरचं सगळं मिलिमीटरचं. खालचा सांगाडा मात्र विलीज जीपच्या वंशातला, त्यामुळे एक्सल-हबच्या बाजूला बराच माल इंचाचा. पान्ह्यांचे दोन संच लागतात, त्याचं काही नाही. खरी गोची ऑइल सीलची, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवून धरणाऱ्या रबरी कड्याची.

दुकानदाराला सील दाखवलं की तो मापाला जवळचं काढून देतो. ‘चालून जातं, भाऊ.’ आता दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. त्या शाफ्टवर ५० चं सील चढवलं तर चढतं, पण ओठ ताणला जातो, घासून तापतो आणि कडक होऊन चिरतो. मागच्या पिनियनचं, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट डिफरन्शलला जिथे मिळतो तिथलं, सील असंच गेलं. पावसाळा सुरू व्हायच्या आधीच डिफरन्शलचं तेल अंगणातल्या फरशीवर. उघडून बघितलं तर योकवर, म्हणजे शाफ्ट जोडायच्या दुबेळक्या तुकड्यावर, जिथे सील बसतं तिथे जुन्या सीलने चर पाडलेला. अशा योकवर खऱ्या मापाचं उत्तम सील लावलं तरी ते गळणारच. त्यावर दोन उपाय: योकवर पातळ स्लीव्ह चढवायची, नाहीतर सील किंचित अलीकडे बसवून ओठ चराबाहेर आणायचा. हे एकाही दुकानात कुणी सांगितलं नाही. प्रत्येकाने नवं सीलच दिलं.

पुढच्या चाकांच्या नकलची, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या सांध्याची, कथा आणखी वाईट. गोल लोखंडी गोळ्यावर घासत राहणारं सील आणि त्याला लागून नमदा, यांच्या जोरावर आतलं ग्रीस आत आणि चिखल बाहेर राहतो. बाजारात मिळालेल्या किटमधला नमदा हाताने दाबला तर भुसा निघत होता. गोळ्याला गंजाचे खड्डे असतील तर चांगलं सीलही फाटतं, म्हणून आधी गोळा पॉलिश करून घेतला होता. तरी पहिल्या मोठ्या पावसानंतर नकल उघडलं तेव्हा आत ग्रीसऐवजी राखाडी लगदा. काळी माती बारीक असते, पाण्याबरोबर कुठेही शिरते आणि वाळली की सुटत नाही.

प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरकडून एक्सलला फिरकी देणाऱ्या दांड्याचे, क्रॉस हा दुसरा मोठा विषय. क्रॉस म्हणजे त्याच्या सांध्यातला चार पायांचा तुकडा, प्रत्येक पायावर बारीक सुयांचं बेअरिंग आणि वर वाटी. नवा क्रॉस, चकचकीत डबा, वर होलोग्राम, आत सुंदर पिवळं ग्रीस. महिन्याभरात क्लच सोडला की खालून ‘टक’ असा आवाज. आमच्या मिस्त्रींना, म्हणजे चाचांना, आधी वाटलं शाफ्टचे दोन योक एका रेषेत बसले नसतील. तसं असेल तर गाडी थरथरते, पण ते बरोबर होते. क्रॉस काढला तर चारही पायांवर सुया रुतलेल्या खुणा. म्हणजे पोलादाला वरून पुरेसं पाणीच दिलेलं नव्हतं, ते कडक केलेलंच नव्हतं. मिस्त्रींनी कानस घेतली आणि नव्या क्रॉसच्या पायावर फिरवली, तिने सरळ किस काढला. मग भंगाराच्या डब्यातला, मूळ गाडीबरोबर आलेला क्रॉस शोधून त्यावर फिरवली. कानस नुसती घसरली, ओरखडासुद्धा नाही.

‘मालक, पुराना कभी फेको मत. इसका लोहा अच्छा है,’ चाचा म्हणाले. आणि तो भंगारातलाच क्रॉस, सुया आणि वाट्या बदलून, मागच्या शाफ्टला बसवून दिला. पूर्ण पावसाळा तो निघाला. वास्तविक अशी जोडाजोड मला पटत नाही, झिजलेल्या पायावर नव्या सुया म्हणजे तडजोडच. पण बाजारच्या नव्या मालापेक्षा ती टिकली, याला काय म्हणणार?

पाण्याच्या पंपाबद्दल थोडं. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि बोअरचं पाणी क्षाराचं. ते रेडिएटरमध्ये टाकत राहिलं की नळ्यांना आतून पुटं चढतात. हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, त्यात पार्टवाल्याचा दोष नाही. मी मूळ तांब्या-पितळेचा रेडिएटर रॉडिंग करून, म्हणजे नळ्यांत सळई घालून साफ करून, घेतला आणि कूलंट टाकलं. नवा पंप मात्र काही आठवड्यांतच खालच्या बारीक भोकातून ठिबकायला लागला. ते भोक बुजवा म्हणणारे लोक भेटतात, त्यांचं ऐकू नका. आतलं सील गेलंय हे कळावं आणि पाणी बेअरिंगमध्ये जाऊ नये म्हणूनच ते ठेवलेलं असतं.

थर्मोस्टॅटचा, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेचा, किस्सा तर हसावं की रडावं असा. आपल्याकडे मिस्त्री तो काढूनच टाकतात, ‘गरम हवेत कशाला लागतो’ म्हणून. पण मग हिवाळ्यात सकाळी इंजिन नीट तापतच नाही आणि पांढरा धूर बंद होत नाही. म्हणून नवा आणला. बसवण्याआधी पातेल्यात पाणी उकळून त्यात सोडला. पाणी खळखळा उकळलं, पण हा गडी काही उघडेना. असाच बसवला असता तर हेड गॅस्केट गेलं असतं. दुकानदाराने बदलून दिला, दुसराही तसाच. तिसऱ्या दुकानातला उघडला, तोच आज गाडीत आहे.

ब्रेकच्या रबरांवर मी प्रयोग केले नाहीत. व्हील सिलिंडरचे कप नामांकित ब्रेक कंपनीचे, शिक्क्याचे आणि बिलासह घेतले, तेलही सीलबंद डब्यातलं. सुट्या बाटलीतलं ‘ब्रेक ऑइल’ कुणी देऊ केलं तर घेऊ नका. त्यात खनिज तेल मिसळलेलं असेल तर रबर फुगून ब्रेक जाम होतात.

मग चांगला माल मिळतो कुठे? माझं मत आता पक्कं झालंय: जीपच्या पार्टच्या दुकानात जेवढं कमी जाल तेवढं बरं. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो घेऊन बेअरिंगच्याच दुकानात जायचं. सीलचं माप आतून, बाहेरून आणि जाडी असं व्हर्नियरने घ्यायचं, शाफ्टचंही घ्यायचं, आणि कारखान्यांना माल पुरवणाऱ्या दुकानात मागायचं. छत्रपती संभाजीनगरला वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांमुळे अशी दुकानं आहेत, इंचातली सीलंही मागवून देतात. पिनियनचं सील मी शेवटी तिथूनच आणलं, योकवर स्लीव्ह चढवली, आणि ती जागा आजपर्यंत कोरडी आहे. किंमत तिप्पट पडली. पण आमच्या मिस्त्रींची मजुरी, सांडलेलं तेल आणि गाडी उभी असताना भाड्याने घ्यावा लागलेला टेम्पो धरला तर स्वस्त सीलच महागात गेलं होतं. स्प्रिंगच्या पाट्यांच्या बुशबद्दल एवढंच: पितळी म्हणून दिलेल्या बुशला चुंबक लावून बघा. मला मिळालेल्याला चिकटलं.

विकणारे सगळेच लबाड आहेत असं नाही. एका दुकानदाराने स्पष्ट सांगितलं की चांगला क्रॉस त्याच्याकडे पडून राहतो, गिऱ्हाईक किंमत ऐकून शेजारच्या दुकानात जातं, म्हणून तो आता ठेवतच नाही. त्याचंही खरं आहे. या गाड्या उरल्यात किती, आणि असलेल्या बऱ्याच जणांना त्या पुढच्या वर्षी विकायच्याच असतात.

क्लच प्लेट अजून हात न लावता ठेवलीय. चढावर घसरल्याचा वास येतो, म्हणजे ती आता फार दिवस जाणार नाही. नवी घेणार नाही. मूळ प्लेटच्या स्प्लाइन आणि स्प्रिंगा ठणठणीत आहेत, तिच्यावर चांगलं लायनिंग रिव्हेट करून घ्यायचं चाचांशी ठरलंय. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की ते उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांत अडकतात, त्याआधी गाडी त्यांच्याकडे नेऊन सोडायची आहे.