डाऊनच्या नावाखाली पॉलिस्टर : हॅमॉकवाल्यांनो, अंडरक्विल्ट घेताना सावध

हॅमॉकमध्ये (दोन झाडांमध्ये टांगायचा कापडी झोपाळा) झोपणाऱ्यांना माहितीये की थंडी वरून नाही, खालून लागते. कितीही भारी स्लीपिंग बॅग असली तरी अंगाखालचा भाग वजनाने दबून चपटा होतो, त्यातली हवा निघून जाते आणि खालून वारा सरळ पाठीला लागतो, म्हणून तर हॅमॉकच्या बाहेरून खाली अंडरक्विल्ट, म्हणजे ऊब देणारी रजई, टांगतात, तो दबत नाही. त्यामुळे अंडरक्विल्टमध्ये खोटा माल निघाला तर रात्रभर कुडकुडण्याशिवाय हातात काही राहत नाही, माझं तेच झालं.

ऑनलाइन घेतला. लिस्टिंगवर लिहिलेलं, 800 फिल पॉवर (डाऊन किती फुलतं त्याचं माप) गूज डाऊन (हंसाची मऊ आतली पिसं), आत 300 ग्रॅम भरलंय, कम्फर्ट उणे पाच डिग्रीपर्यंत, आणि वर आयएसओ 23537 टेस्टेड. आता हे स्टँडर्ड स्लीपिंग बॅगसाठी आहे, हॅमॉकखाली टांगायच्या क्विल्टसाठी नाहीच, त्यामुळे अंडरक्विल्टवर हा आकडा दिसला की तिथेच थांबा.

पार्सल आलं, वजन केलं तर बरोबर भरलं, आणि फसवणूक नेमकी इथेच आहे. वजन जुळतं हो, कारण पॉलिस्टर पण 300 ग्रॅमच भरतात! उघडं पडतं ते जाडीत. 800 फिल म्हणजे 28 ग्रॅम डाऊन फुलल्यावर साधारण 13 लिटर जागा घेतं, म्हणजे 300 ग्रॅमला 140 लिटरच्या आसपास. माझा क्विल्ट दोन मीटर लांब, 1.1 मीटर रुंद, तर जाडी सहा सेंटीमीटरच्या जवळ यायला हवी होती. नीट झटकून, अख्खा दिवस पसरून ठेवून पट्टी लावली तरी तीनच. हिशोब सगळ्यांना जमण्यासारखा आहे, पार्सल आल्या आल्या करा.

पहिल्याच रात्री बाहेर दहा डिग्री होतं, उणे पाच तर लांबच, आणि कंबर बर्फासारखी गार. सस्पेन्शन (क्विल्ट टांगायच्या दोऱ्या) घट्ट केलं, टोकांच्या फटी बंद केल्या, काही फरक नाही. घरी येऊन कोपऱ्यातली शिवण उसवली. आत पांढरे गुळगुळीत गोळे, मध्ये मध्ये चिरलेल्या पिसांचे टोचणारे देठ. चिमटीत एक गोळा धरून काडी लावली (बाहेर, पाणी जवळ ठेवून), तो वितळून काळा टणक मणी झाला. खरं डाऊन जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि हातात चुरगळणारी राख उरते.

सेलरला फोटो पाठवले तर आधी म्हणे दहा टक्के परत देतो. मी नाही म्हटलं, साइटवर डिस्प्यूट (पैसे परत मागायची तक्रार) टाकला. मग गोड मेसेज, तुम्ही डिस्प्यूट मागे घ्या, आम्ही पूर्ण रिफंड करतो. हे अजिबात करू नका!! बऱ्याच साइटवर एकदा मागे घेतलेला डिस्प्यूट पुन्हा उघडता येत नाही, आणि नुसतं बोलत ठेवून मुदत संपवणं हाच त्यांचा धंदा असतो. मी डिस्प्यूट चालू ठेवला, पट्टी लावलेला फोटो आणि त्या काळ्या मण्याचा व्हिडिओ टाकला, तेव्हा कुठे पैसे आले, पण सीझन गेला तो गेलाच.

लिस्टिंगमधले फोटो पण रिव्हर्स इमेज सर्च करून बघा, माझ्यावाल्याचे दुसऱ्याच एका छोट्या मेकरचे निघाले, उचललेले. आणि पैसे भरायच्या आधी सेलरकडे क्विल्ट पसरून, शेजारी पट्टी धरून काढलेला व्हिडिओ मागा, ज्याच्याकडे खरा माल आहे त्याला दोन मिनिटांचं काम आहे.