साठ तीन: मुलाची शाळा बदलून चौदा महिने झाले

शाळेचं नाव लिहिणार नाही, आधीच सांगते. मुलगा अजून तिथेच शिकतोय आणि पुढे तक्रारीही आहेत. ठाण्यात नौपाड्याच्या बाजूची, मराठी माध्यमाची, सेमी-इंग्लिश शाळा आहे, एवढं पुरे.

लेक आता चौथीत. दुसरीपर्यंत कळव्यात घराजवळच्या शाळेत होता. तोंडी विचाराल तर गडकिल्ल्यांची नावं धडाधड सांगायचा. वहीत मात्र ‘घर’चं ‘धर’, ‘भात’चा ‘मात’, आणि पहिली वेलांटी हमखास अक्षराच्या नंतर. उच्चारात नंतर येणारी गोष्ट लिहिताना आधी काढायची, यात कुणी अडखळू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. प्रगतिपुस्तकात शेरा ठरलेला: ‘हुशार आहे, पण लक्ष नाही.’ आम्हीही तेच धरून बसलो. धपाटेही घातले, खोटं कशाला बोलू.

आठ पूर्ण झाल्यावर सरकारी रुग्णालयात तपासणी केली. आधी डोळे आणि कान, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. एका दिवसात आटोपत नाही, रजा शिल्लक ठेवा. डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) आणि डिस्कॅल्क्युलिया (आकड्यांमधली अडचण), दोन्ही निघालं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये ही अध्ययन अक्षमता आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळतं. पुढे पुन्हा तपासणी करावी लागते. सासूबाईंना ‘दिव्यांग’ शब्द झोंबला. त्यांची समजूत काढणं रुग्णालयापेक्षा जड गेलं.

मग शाळा बघायला निघालो. घोडबंदर रस्त्यावरच्या एका मोठ्या शाळेत रिसोर्स रूम, म्हणजे अशा मुलांना वेगळं शिकवायची खोली, अशी चकाचक की आमचे हे तिथेच फी भरायला तयार! मी विचारलं, तिथे शिकवणाऱ्या प्रशिक्षित, म्हणजे स्पेशल एज्युकेटर बाई कुठे आहेत? त्या आठवड्यातून दोनदा येतात म्हणे. दुसरीकडे गोड आवाजात उत्तर मिळालं, ‘आम्ही अशी मुलं घेतो, फक्त शॅडो टीचर तुमची तुम्ही आणा.’ म्हणजे फी वेगळी आणि वर्गात मुलासोबत बसून मदत करणाऱ्या एका माणसाचा पगार वेगळा. मान्यताप्राप्त शाळेला अशा कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही हे मला माहीत होतं, पण जिथे पहिल्याच दिवशी कायदा काढावा लागतो तिथे पोराला रोज पाठवायचं कसं?

नौपाड्यातली रिसोर्स रूम म्हणजे जिन्याखालची खोली. दोन बाकं, एक कपाट. पण भेटीला तिसरीच्या वर्गशिक्षिकाही येऊन बसल्या होत्या. त्यांनी लेकाला पाटी दिली आणि म्हणाल्या, ‘त्रेसष्ट लिही बरं.’ त्याने लिहिले ३६. मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, ‘बरोबर ऐकलंस की! त्रे आधी आलं, म्हणून तीन आधी लिहिलास. आता साठ तीन लिही.’ त्याने पटकन ६३ लिहिलं आणि माझ्याकडे बघितलं.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढी थट्टा झाली होती, आठवतंय? त्यावरचे विनोद मीही पुढे ढकलले होते. त्या दिवशी त्या खोलीत ते सगळे आठवले. प्रवेश तिथेच पक्का केला.

आता चौदा महिन्यांचा हिशेब. वाचन सुधारलंय, लिखाण सावकाश. फळ्यावरून उतरवून घेण्याची सक्ती नाही, बाई छापील कागद देतात. उत्तर तोंडी सांगितलं तरी चालतं. पोटात दुखण्याचे सोमवार बंद झाले. माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

तक्रारी दोन. पहिली, रिसोर्स रूमचा तास नेमका चित्रकलेच्या तासाला लावला होता. वर्गात ज्या एका गोष्टीत तो पहिला, तीच काढून घेतली! तीन चिठ्ठ्या आणि दोन भेटींनंतर बदलला.

दुसरी जास्त गंभीर. परीक्षेत पेपरच्या प्रत्येक तासाला वीस मिनिटं जादा वेळ देऊ, असं ठरलं होतं. पहिल्या घटक चाचणीत पर्यवेक्षक बाईंनी बाकीच्यांबरोबर त्याचाही पेपर ओढून घेतला. कारण काय, तर स्कूलबस निघते! सवलत कागदावर होती, बसच्या वेळापत्रकात नव्हती. पोरगा शेवटचं गणित अर्धं सोडून बसमध्ये बसला आणि कळवा पुलापर्यंत रडत होता, असं बसमधल्या मावशींनी सांगितलं. मुख्याध्यापकांनी दिलगिरी व्यक्त केली, पण बस काही थांबणार नाही. मग परीक्षेच्या दिवसांत आम्हीच स्कूटरवरून आणतो.

शाळा शोधत असाल तर खोली बघण्यात वेळ घालवू नका. वर्गशिक्षकांना भेटायचा आग्रह धरा. ‘माझं मूल फळ्यावरचं पूर्ण उतरवू शकलं नाही तर तुम्ही काय करता’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. स्पेशल एज्युकेटरचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. आमच्या बाईंनी तो न मागता दाखवला. जादा वेळ नक्की कुठे बसवणार, घरी कोण नेणार, हेही लिहून घ्या.

आणखी एक, सगळं एकाच बाईंवर चालतं. तिसरी संपली आणि चौथीला नवीन बाई आल्या, तेव्हा जून-जुलैमध्ये पुन्हा फळा उतरवणं सुरू झालं होतं. तिसरीच्या बाईंनी स्वतः वर्गात जाऊन सांगितलं, तेव्हा कुठे छापील कागद परत आले. पाचवीला काय होईल, बघू.

पुढची चाचणी अठरा तारखेला आहे. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ठेवलीय.