बर्डीवरची जुनी पुस्तकं: माल अस्सल, पानं कमी

एक्साइजमध्ये तीस वर्षं जप्तीचे पंचनामे लिहिले, म्हणून सीताबर्डीच्या फुटपाथवर अफू-व्यापाराचं जुनं पुस्तक दिसताच उचललं. १२० रुपये. मुखपृष्ठ नाही, वाळवीची नक्षी फुकट.

पण मजकूर, बाप्पा! १८३९ मध्ये चिनी सम्राटाचा अधिकारी लिन झेशूने चीनच्या कँटन बंदरात परदेशी व्यापाऱ्यांची २०,२८३ पेट्या अफू ताब्यात घेतली. जवळच्या हूमेनला खड्डे खणून मीठ-चुन्यात विरघळवली, समुद्रात सोडली. असा मुद्देमाल-नाश मी तरी पाहिला नाही. खरी भानगड पुढे. चीनमधला ब्रिटिश व्यापार-अधीक्षक चार्ल्स इलियटने व्यापाऱ्यांना सांगितलेलं, माल माझ्याकडे द्या, भरपाई सरकार देईल. लंडनने हात वर केले. माळव्याची अफू पाठवणारे मुंबईचे व्यापारीही लटकले. मग ब्रिटन-चीन युद्ध, आणि १८४२च्या नानकिंग तहात अफूपोटी ६० लाख डॉलर चीनच्याच माथी! ज्याने माल पकडला, त्यानेच पैसे भरायचे.

आता तक्रार. नेमकी तहाची आठ पानं गायब. आकडा मला आधीच ठाऊक होता म्हणून बरं. परत गेलो तर दुकानदार म्हणतो, "काका, पानं मोजून कोण विकते?" तीस रुपये मात्र निमूट परत दिले. तीन स्टार. घ्यायच्या आधी पानं मोजा.