प्राग की बुडापेस्ट: दोघांसाठी चार दिवस

प्रागला आम्ही एकदा गेलो, बुडापेस्टला दोनदा. माझा कल कुणीकडे आहे ते यावरून कळेलच, तरी कोणत्याही शहरावर अन्याय होऊ नये असा प्रयत्न करतो. गणपतीला आमच्याकडे जमणाऱ्या मंडळींत दर वर्षी एखादं तरी नवं जोडपं हा प्रश्न विचारतं, आणि जेवणाच्या गडबडीत दिलेलं अर्धवट उत्तर मला नंतर टोचत राहतं.

आम्ही म्युनिकला राहतो. इथून दोन्हीकडे रेल्वेनं सकाळी निघालं की दुपारी पोहोचता येतं. बुडापेस्टला तासाभराने जास्त लागतं, इतकंच. पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांना दोन्ही शहरं एकाच शेंगेन व्हिसावर करता येतात. दोन्हीकडचं चलन युरो नाही, प्रागला कोरुना आणि बुडापेस्टला फोरिंट. आम्ही गेलो तेव्हा एका युरोला साधारण 400 फोरिंट धरले की हिशेब तोंडी जमायचा. खर्चात मला फार फरक जाणवला नाही. बुडापेस्टला जेवण थोडं स्वस्त पडलं असावं, पण ते आम्ही कुठे जेवलो त्यावरही असेल.

आधी प्राग, कारण नुसत्या सौंदर्याच्या बाबतीत ते पुढे आहे हे मान्य करायला हवं. दुसऱ्या महायुद्धात या शहराची फारशी पडझड झाली नाही, त्यामुळे जुनं प्राग सलग उभं आहे. सेंट व्हायटस कॅथेड्रलचं काम 1344 मध्ये सुरू झालं आणि 1929 मध्ये पूर्ण झालं. चार्ल्स ब्रिजचा पाया 1357 चा. गल्लीच्या एका टोकाला गॉथिक मनोरा, दुसऱ्या टोकाला बरोक घुमट, मध्ये लाल कौलांची उतरण. बायको पहिल्या संध्याकाळी नदीकाठी उभी राहिली आणि बराच वेळ काही बोललीच नाही.

आम्ही गेलो ते 1 मेच्या सुट्टीत. महाराष्ट्र दिनाला घरी फोन करून शुभेच्छा दिल्या आणि मग कळलं की प्रागमध्ये हा प्रेमाचा दिवस आहे. चेक लोकांची प्रथा अशी, की 1 मे रोजी मुलीचं चुंबन फुललेल्या झाडाखाली घ्यायचं. त्यासाठी जोडपी पेत्रशीन टेकडीवर कारेल हिनेक माखा या कवीच्या पुतळ्यापाशी जातात. आम्हीही गेलो. सत्तरीतली जोडपीसुद्धा फुलं घेऊन आली होती. लग्नाला बारा वर्षं झालेल्या आम्हा दोघांना ते फार भावलं. तारीख जुळत असेल तर केवळ याच दिवसासाठी प्रागला जावं, असं मी आजही म्हणेन.

आता ज्या एका गोष्टीनं माझं मत ठरवलं तिच्याविषयी. ती गोष्ट बाहेरून फार किरकोळ वाटेल. प्रागमध्ये आम्हाला शेजारी-शेजारी चालता येईना.

जुन्या भागातले रस्ते अरुंद, त्यांच्या कडेचे पदपथ त्याहून अरुंद. खाली छोट्या चौकोनी दगडांची फरसबंदी, दिसायला देखणी, पण पाय कुठे पडतोय ते पाहत चालावं लागतं. समोरून छत्री उंच धरलेला गाइड आणि त्याच्यामागे तीस-चाळीस माणसं. नेरुडोवा नावाच्या रस्त्यानं किल्ल्याकडे चढताना मी पुढे आणि ती मागे, असेच आम्ही चाललो होतो. काही बोलायचं तर मान वळवून मोठ्यानं बोलायचं. चार्ल्स ब्रिज 516 मीटर लांब आणि जेमतेम दहा मीटर रुंद. दोन्ही बाजूंना मिळून तीस पुतळे, त्यांच्या पायाशी चित्रं आणि दागिने विकणारे, आणि मधून माणसांचा लोंढा. हात धरला की कुणीतरी मधून जातं, मग तो सोडावा लागतो. पुलापासून जवळच एक इतकी चिंचोळी पायऱ्यांची वाट आहे की तिथे पादचाऱ्यांसाठी सिग्नल लावलाय, कारण एका वेळी एकाच दिशेचा माणूस मावतो. लोक तिथे हौसेनं फोटो काढतात. आम्हीही रांग लावून एकामागून एक उतरलो, आणि खाली पोहोचल्यावर बायको म्हणाली, "अरे, थांब जरा. सकाळपासून मी नुसती तुझी पाठ बघतेय."

ती चिडून बोलली नव्हती, पण ते मला लागलं. मुलाला तिच्या आईकडे ठेवून, दोघांच्या सुट्ट्या जुळवून आम्ही आलो होतो ते एकमेकांसोबत चार दिवस काढायला. घरी दिवसभर कामाच्या मागे धावताना जे होतं, तेच इथेही होत होतं.

यावर उपाय आहे, आणि तो सांगायलाच हवा. दुसऱ्या दिवशी आम्ही पहाटे साडेपाचला पुलावर गेलो. नदीवर धुकं होतं, दिवे अजून विझले नव्हते आणि माणसं मोजून दहा-बारा. तो अर्धा तास मी विसरणार नाही. पण सुट्टीतल्या प्रत्येक सकाळी साडेचारचा गजर लावणं आमच्याच्यानं झालं नाही. शिवाय आम्ही गेलो तेव्हा सलग सुट्ट्या होत्या, त्यामुळे गर्दी नेहमीपेक्षा जास्तही असेल. नोव्हेंबरमध्ये गेलेल्या एका मित्राचा अनुभव बराच निवांत होता.

बुडापेस्टला पहिल्यांदा गेलो ते 3 ऑक्टोबरच्या जर्मन सुट्टीला जोडून. स्टेशनबाहेर पडल्यावर मन थोडं खट्टू झालं. प्रागच्या मानाने शहर काळवंडलेलं, काही इमारतींवर अजून गोळ्यांच्या खुणा. 1945 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं डॅन्यूबवरचे सगळे पूल उडवले होते. आज दिसतात ते नंतर पुन्हा बांधलेले. चेन ब्रिज मूळचा 1849 चा, तो बरोबर शंभर वर्षांनी, 1949 मध्ये परत खुला झाला. बुडा, ओबुडा आणि पेश्ट ही तीन गावं मिळून 1873 मध्ये एक शहर झालं आणि पेश्टचा मोठा भाग त्यानंतरच्या भरभराटीत उभा राहिला. म्हणून रस्ते रुंद आहेत, झाडांच्या रांगा आहेत, पदपथ ऐसपैस आहेत. आम्ही सामान खोलीवर टाकून पेश्टच्या काठानं, चेन ब्रिजपासून एलिझाबेथ ब्रिजकडे, डॅन्यूबच्या कडेनं चालायला लागलो. एका बाजूला दोन नंबरची पिवळी ट्राम, दुसऱ्या बाजूला नदी, पलीकडे बुडाच्या टेकडीवर राजवाडा आणि त्याच्यामागे मावळतीचं ऊन. पंधराएक मिनिटांनी लक्षात आलं, की आपण दोघं न थांबता बोलतोय. मुलाच्या शाळेबद्दल, तिच्या नोकरीबद्दल, कधीपासून राहून गेलेल्या गोष्टी.

त्या चार दिवसांत आम्ही किती चाललो याचा हिशेब नाही. आन्द्राशी मार्गावरून ऑपेरापर्यंत, मग लिबर्टी ब्रिजवरून गेलेर्टच्या टेकडीखाली. लिबर्टी ब्रिज हिरव्या रंगाचा, 1896 चा, आणि माझा या शहरातला सगळ्यात आवडता. संध्याकाळी कॉलेजची मुलं-मुली त्याच्या लोखंडी पट्ट्यांवर ओळीनं बसलेली असतात. आम्ही कठड्याला टेकून तासभर उभे होतो आणि कुणाचा धक्का लागला नाही. मार्गारेट बेटावर तर दोघांनी शेजारी बसून पायडल मारायची चारचाकी गाडी भाड्यानं मिळते. अडीच किलोमीटर लांबीचं ते बेट जवळजवळ पूर्ण बाग आहे आणि मोटारी नसल्यातच जमा.

अंधार पडला की मात्र नदी ओलांडून बुडाच्या बाजूला बाट्यानी चौकात जा. समोर संसद. 268 मीटर लांब, 96 मीटर उंच, अंगभर सोनेरी उजेड आणि तेच सगळं खाली पाण्यात. काठावर बसायला जागा मिळते, तिकीट लागत नाही. दुसऱ्या खेपेलाही आमची पहिली संध्याकाळ तिथेच गेली.

गरम पाण्याच्या स्नानगृहांबद्दल बायकोच्या मनात संकोच होता. आमच्या डोळ्यांसमोर वज्रेश्वरीची कुंडं. सेचेनी हे 1913 चं पिवळ्या महालासारखं स्नानगृह, तिथे उघड्यावरच्या गरम तलावात गळ्यापर्यंत बसलेले आजोबा बुद्धिबळ खेळत होते. हवा दहा-बारा अंशांची, पाण्यावर वाफ, कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. दहा मिनिटांत तिचा संकोच गेला आणि मग तीच बाहेर यायला तयार होईना. रुदास हे तुर्की अमलातलं, सोळाव्या शतकातलं, घुमटाखाली अष्टकोनी कुंड असलेलं स्नानगृह मला जास्त आवडलं. तिथल्या जुन्या भागात काही दिवस फक्त पुरुषांचे, काही फक्त बायकांचे असतात. दोघांना एकत्र जाता येईल असा दिवस आधी बघून घ्या. स्वतःच्या चपला न्या.

खाण्याचं थोडक्यात. बायको शाकाहारी आहे. प्रागला तिनं चार दिवसांत तीनदा तळलेलं चीज खाल्लं आणि नंतर त्याचं नाव काढू दिलं नाही. बुडापेस्टला लांगोश मिळतो, आपल्या भटुऱ्याच्या जवळचा, वर लसणाचं पाणी, आंबट साय आणि किसलेलं चीज. आंबट चेरीचं थंड सारही तिला आवडलं. लिबर्टी ब्रिजच्या पेश्टकडच्या टोकाला मोठी मंडई आहे, तिथून तिखट पाप्रिकाच्या पुड्या आणल्या. घरी आमटीला घातल्या, रंग सुरेख येतो.

बुडापेस्टचे दोषही सांगतो. सातव्या विभागात खोली घेऊ नका. आम्ही पहिल्या खेपेला स्वस्त म्हणून घेतली आणि रात्री तीनपर्यंत खिडकीखाली गाणी आणि आरडाओरडा. नदीच्या दोन्ही काठांना लागून मोटारींचे रस्ते आहेत, काही ठिकाणी त्यांचा आवाज नकोसा होतो. आणि शहर पसरलेलं आहे. हातात दोनच रात्री असतील तर प्राग बरं, कारण सगळं पायी होतं. तीन रात्रींपासून पुढे मी बुडापेस्ट म्हणेन.

ऑक्टोबरच्या शांततेमुळे मी बुडापेस्टच्या बाजूनं झुकलो असेन, ही शंका मलाही होती. म्हणून दुसऱ्या वेळी मुद्दाम 1 मेच्या सुट्टीत गेलो. गर्दी होती, अगदी भरपूर होती. तरी काठावर दोघांना पुरेल इतकी वाट मोकळी होती.

प्रागच हवं असेल, आणि ते हवंसं वाटण्यासारखंच आहे, तर जुन्या चौकाजवळ राहू नका. विशेराड किंवा लेतनाच्या बाजूला खोली बघा. विशेराडच्या तटबंदीवरून व्ल्टावा नदी दिसते, तिथल्या दफनभूमीत ड्वोर्झाक आणि स्मेटाना हे दोन मोठे संगीतकार विसावले आहेत, आणि संध्याकाळी तटावरच्या वाटेवर हात न सोडता चालता येतं. आम्हाला ही जागा शेवटच्या दिवशी सापडली. आधी सापडली असती तर हा लेख कदाचित वेगळा झाला असता.

सहा-सात रात्री असतील तर दोन्ही करा, पण प्राग आधी. तिथून बुडापेस्टची गाडी साधारण सात तास घेते, आणि हंगेरीत शिरल्यावर शेवटच्या टप्प्यात बराच वेळ डॅन्यूबच्या कडेनं धावते. नदी उजव्या हाताला येते, तेव्हा तिकडच्या खिडकीच्या दोन जागा आधीच राखून ठेवा.