ऑनलाइन एए मीटिंग: १४ आठवडे घरात अडकून वापरल्यावर

दारू सोडून मला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या एए या संघटनेच्या, मीटिंगला मी नेहमी स्वतः जात आले. मग पाय मोडला. नडगीचं हाड, ऑपरेशन, आत सळई, आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही अशी डॉक्टरांची ताकीद. मी एकटी राहते, वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. १४ आठवडे मी घराबाहेर पडले ती फक्त तपासणीपुरती. या काळात जवळजवळ रोज ऑनलाइन मीटिंग केली. आजारपण असो, साथ असो, दूरची नोकरी असो, कुणी असंच घरात बंद असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे.

आधी निकाल सांगते. ऑनलाइन मीटिंगवर सोबर, म्हणजे दारूशिवाय, राहता येतं. मी राहिले. पण लिंक उघडली आणि झालं, असं ते नाही. मला हे कळायला चार आठवडे लागले आणि ते चार आठवडे धोक्याचे होते.

सुरुवातीला सोयच सोय दिसते. रात्री अडीचला झोप उडाली तरी कुठे ना कुठे मीटिंग चालू असते. फी नाही; सभासद स्वेच्छेने देतील तेवढ्यावर एए चालतं. माझ्या नेहमीच्या ग्रुपमध्ये मी एकटीच बाई होते, इथे फक्त बायकांची मीटिंग मिळाली. दारूच्या दिवसांत आपल्या मुलांशी कसं वागलो, हे एका बाईने तिथे ज्या शब्दांत सांगितलं, तसं पुरुषांसमोर कुणी बोलताना मी ऐकलं नव्हतं. एवढ्या एका गोष्टीसाठीही मी या सोयीला मान देईन.

पण पडद्यावर लपता येतं. समोरासमोर बसलं की लाल डोळे, अंगाचा वास, हातांची चुळबुळ शेजारच्याला दिसतेच. ऑनलाइन मी म्हणजे नाव लिहिलेला एक काळा चौकोन होते. कॅमेरा बंद, माइक बंद, अंगावर पांघरूण. शेअरिंगची, म्हणजे स्वतःबद्दल बोलायची, पाळी आली की "आज फक्त ऐकते" म्हणायचं. मीटिंग झाली असं मनाशी धरायचं आणि मग त्याच फोनवर दारू घरपोच देणारं ॲप उघडून बाटल्यांची चित्रं बघायची. मागवली नाही. पण दोन संध्याकाळी बोट बटणाच्या अगदी जवळ होतं.

माझी स्पॉन्सर, म्हणजे एएमध्ये मला वाट दाखवणारी जुनी सभासद, जिला मी ताई म्हणते, तिने एका रात्री मीटिंग संपल्यावर फोन केला. "अगं, नऊ दिवस झाले तुझा चेहरा पाहिला नाही. व्हिडिओ लाव." मी लावला. ती थोडा वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "केस कधी विंचरलेस गं?" मला रडू फुटलं आणि बाटल्यांच्या चित्रांचं सगळं सांगून टाकलं. तिने मला तिच्यासमोर ते ॲप काढून टाकायला लावलं.

त्याच फोनमध्ये गोळ्यांचाही विषय निघाला. ऑपरेशननंतर वेदनेसाठी मला ओपिऑइड जातीची, म्हणजे अफूसारखी सवय लावू शकणारी, गोळी दिली होती. व्यसनाचा इतिहास मी डॉक्टरांना आधीच सांगितला होता, म्हणून मोजक्या दिवसांच्याच लिहून दिल्या होत्या. तरी घरात ती स्ट्रिप आणि मी, दोघंच. ताईने नियम घातला: रोज रात्री नऊला व्हिडिओ लावायचा आणि स्ट्रिप कॅमेऱ्यासमोर धरायची. ती मोठ्याने मोजायची. सात. सहा. साडेपाच, कारण एक अर्धी तोडली होती. प्रकाश चमकून आकडा नीट दिसला नाही तर "तिरकी धर" म्हणायची. वेदनेची गोळी घेणं म्हणजे स्लिप, म्हणजे पुन्हा व्यसनात घसरणं, नव्हे. डॉक्टरांनी दिल्यापेक्षा एक जरी जास्त घेतली असती, तर मात्र मी कुठे पोचले असते हे मला माहीत आहे. मला सोबर ठेवणाऱ्या गोष्टींत ते मोजणं मी सगळ्यांत वर धरते.

दुसरी मोठी उणीव मीटिंग संपण्याच्या क्षणात आहे. प्रत्यक्षात मीटिंग संपली की खुर्च्या उचलताना, जिन्यात, फाटकाशी बोलणं होतं. खरं काय ते बऱ्याचदा तिथेच बाहेर येतं. ऑनलाइन बटण दाबलं की सगळे एकदम नाहीसे होतात, खोली होती तशीच, आणि आपण पलंगावर. तलफ मला नेमकी याच वेळी यायची. आमच्या ग्रुपने मग मीटिंगनंतर वीस मिनिटं लिंक चालूच ठेवायला सुरुवात केली: विषय नाही, क्रम नाही, ज्याला थांबायचं तो थांबेल. तलफ लाटेसारखी चढते आणि आपण तिला खतपाणी घातलं नाही तर बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत उतरते. त्या वीस मिनिटांत माझी उतरायची. ग्रुप निवडताना हे आधी विचारा: मीटिंगनंतर कुणी थांबतं का? फोन नंबरांची यादी मिळते का?

खरं तर एएचा उगमच एका फोनमध्ये आहे. मे १९३५ मध्ये बिल विल्सन हा नुकताच दारू सोडलेला माणूस ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी एका हॉटेलात एकटा पडला होता. धंद्याचं काम फसलेलं, समोर बार. त्याने चर्चच्या यादीतले नंबर फिरवायला घेतले, कारण त्याला बोलायला दुसरा दारुडा हवा होता. त्यातून त्याची गाठ डॉक्टर बॉब स्मिथशी पडली. बॉबने शेवटचा पेला घेतला तो १० जून १९३५ ला, आणि एए तीच आपली स्थापना मानतं. पुढे बोटीवरचे आणि एकाकी जागचे सभासद एकमेकांना पत्रं लिहून सोबर राहिले. पलंगावर पडल्या पडल्या मला या गोष्टींचा फार आधार वाटला.

तक्रारीही आहेत. एका ग्रुपमध्ये मी ऑफिसच्या खात्यातून शिरले आणि माझं आडनावासकट नाव सगळ्यांना दिसलं. निनावीपणा हा आमचा पाया, तेव्हा आत जाण्यापूर्वी नाव बदला आणि हेडफोन लावा. दुसरा ग्रुप मोफत खात्यावर चालायचा, ४० मिनिटं झाली की मीटिंग तुटायची. एकदा एक बाई आपल्या भावाच्या मृत्यूबद्दल बोलत होती आणि वाक्याच्या मध्येच पडदा गेला. लिंक उघड्यावर टाकलेल्या मीटिंगमध्ये एकदा कुणी घुसून घाणेरडं बोलला. प्रतीक्षा-कक्ष ठेवणारा, नवीन माणसाशी दोन शब्द बोलून मग आत घेणारा ग्रुप बरा.

एक गोष्ट मात्र ऑनलाइन मीटिंग करू शकत नाही. एके रात्री एक नवा माणूस आला. "कालपासून बंद केली" म्हणाला आणि हात कॅमेऱ्यासमोर धरला. बोटं थरथरत होती, कपाळावर घाम. मीटिंग चालवणाऱ्या काकांनी ती थांबवली, रोज किती घेत होता ते विचारलं आणि सांगितलं, "बाळा, आधी दवाखाना, मग मीटिंग." रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे भ्रम, ताप, धडधड. त्यात जीव जाऊ शकतो. घरात एकटं असताना तर हे मुळीच करू नये.

सोबर दिवस मोजणारी ॲप्सही वापरली. आकडा बघून बरं वाटतं, पण आकडा फोन करत नाही.

पाचपैकी चार तारे. आता कुबडी घेऊन जिना उतरते, गेल्या आठवड्यात जुन्या खुर्चीवर जाऊन बसले. उरलेल्या अडीच गोळ्या औषधाच्या दुकानात परत दिल्या, स्ट्रिप ताईला शेवटची दाखवून. बायकांची रात्रीची मीटिंग सोडलेली नाही. तिथे आता प्रतीक्षा-कक्षाचं काम माझ्याकडे आहे. नवीन कुणी आलं की मी नाव बदलायला मदत करते, आणि कॅमेरा बंद असेल तर सांगते: मीटिंग संपल्यावर जाऊ नकोस, मी थांबते आहे.