ट्यूनिंगसाठी ऑक्सिजन सेन्सर: नॅरोबँड की वाइडबँड, 4.2 की 4.9?

कार्ब्युरेटरचे जेट बदलून पाहणाऱ्या किंवा स्वतंत्र ईसीयूचा (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचा) इंधन-मॅप तयार करणाऱ्या व्यक्तीला बाजारात एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रण ओळखणारे दोन जातींचे ऑक्सिजन सेन्सर दिसतात आणि त्यांच्या किमतीत मोठा फरक असल्यामुळे स्वस्तात काम भागेल का, असा प्रश्न स्वाभाविकपणे पडतो. ट्यूनिंगपुरते माझे उत्तर नकारार्थी आहे.

नॅरोबँड सेन्सर झिर्कोनिया या सिरॅमिकचा असतो. मिश्रण रिच (इंधन जास्त) असताना तो सुमारे 0.8 ते 0.9 व्होल्ट देतो, लीन (इंधन कमी) असताना 0.1 व्होल्टच्या आसपास येतो आणि लॅम्डा (प्रत्यक्ष हवा-इंधन गुणोत्तर भागिले नेमके गुणोत्तर) 1 पाशी, म्हणजे रासायनिकदृष्ट्या नेमक्या मिश्रणापाशी, त्याचे व्होल्टेज एकदम उडी घेते. मिश्रण त्या बिंदूच्या आजूबाजूला हलवत ठेवून धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे काम नीट चालवण्यासाठी ईसीयूला एवढी माहिती पुरते. 1976 मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत बॉशचा सेन्सर आला तो याच कामासाठी. पूर्ण थ्रॉटलला मात्र पेट्रोल इंजिन साधारण 0.85 ते 0.9 लॅम्डावर चालवावे लागते आणि त्या भागात नॅरोबँडचा आलेख जवळजवळ सपाट असून तापमानानुसार सरकतो, त्यामुळे 0.80 आणि 0.90 यांतला फरक त्याच्याकडून विश्वासाने कळत नाही. त्यावर बसवलेले रंगीत दिव्यांचे मीटर दिसायला छान असतात, इतकेच.

वाइडबँड सेन्सरमध्ये मोजणाऱ्या पेशीच्या जोडीला एक पंप-पेशी असते. कंट्रोलर तिच्यातून वीजप्रवाह सोडून आतल्या सूक्ष्म पोकळीत ऑक्सिजन ढकलतो किंवा तिथून तो बाहेर काढतो आणि पोकळीतले मिश्रण सतत लॅम्डा 1 वर राखतो. त्यासाठी किती आणि कोणत्या दिशेने प्रवाह लागला, यावरून लॅम्डा काढला जातो. म्हणूनच कंट्रोलरशिवाय नुसता वाइडबँड सेन्सर घेऊन काहीच साधत नाही आणि खर्चाचा हिशेब दोन्ही धरूनच करावा.

कंट्रोलर निवडताना बहुधा बॉशच्या एलएसयू 4.2 आणि एलएसयू 4.9 या वाइडबँड सेन्सरांपैकी एक ठरवावा लागतो. 4.2 तुलनेसाठी बाहेरची हवा वापरतो, त्यामुळे ती हवा इंधनाच्या वाफेने दूषित झाली की वाचन सरकते, 4.9 हा संदर्भ स्वतःच एका लहानशा प्रवाहाने आत तयार करतो आणि म्हणून जास्त काळ विश्वासार्ह राहतो. नवी खरेदी असेल तर 4.9 च घ्यावा. 4.2 चा कंट्रोलर आधीच हाताशी असेल तर मात्र त्याच सेन्सरवर राहावे, कारण दोघांचे कनेक्टर आणि सेन्सरमधल्या हीटरच्या नियंत्रणाची मूल्ये वेगळी आहेत. वायरिंग लांबवताना मूळ कनेक्टर कापू नये. त्या विशिष्ट सेन्सरच्या कॅलिब्रेशनचा रोधक त्यातच बसवलेला असतो.

मीटर शक्यतो लॅम्डा दाखवणारा असावा. सेन्सरला इंधन कोणते आहे हे कळत नाही; मीटरवरचा 14.7 हा आकडा म्हणजे लॅम्डा गुणिले शुद्ध पेट्रोलचे नेमके हवा-इंधन गुणोत्तर एवढेच. आपल्याकडच्या ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी नेमके गुणोत्तर सुमारे 13.5 असते, पण लॅम्डा 1 हा 1 च राहतो.

एक सिलिंडरच्या मोटरसायकलवर अडचण वेगळीच येते. आखूड सायलेन्सरच्या टोकातून आयडलला (गाडी उभी असून इंजिन मंद फिरताना) बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि मग कितीही महागडा सेन्सर असला तरी तो खोटे लीन दाखवतो. मिसफायर (सिलिंडरमधले मिश्रण न पेटणे) किंवा बेंड पाइपच्या सांध्यातली गळती असली तरी हेच होते. सेन्सर आडव्यापासून किमान 10 अंश वर तिरका बसवावा, म्हणजे साचलेले पाणी तापलेल्या सिरॅमिकवर पडून त्याला तडा जाणार नाही.

मोजणी क्वचितच करायची असेल तर वाइडबँड कायमचा बसवून ठेवू नये. हीटरला वीज नसताना इंजिन चालवले तर काजळीने तो लवकर निकामी होतो. काम संपताच सेन्सर काढून त्या जागी बोल्ट लावावा.